पोत्यातली सुपारी

ही हकीकत कुणाला पटायची नाही. बाळासाहेब सांगायला बसले की त्यांचं पहिलं वाक्य हेच, आणि ते अशा थाटात, की न पटणं हा जणू हकिकतीच्या अंगावरचा दागिना. न्यूझीलंडात टाकानिनीला देवयानीच्या नव्या घराची वास्तुशांत आटोपली होती, पंगत उठली होती, आणि म्हातारी मंडळी गॅरेजात सतरंजीवर विड्याच्या ताटाभोवती विसावली होती. सगळी मुलांकडे सहा-सहा महिने राहायला आलेली. बाळासाहेबांची सून सुलभा तेवढी शिडीवर उभी होती आणि छतातला मिणमिणणारा दिवा काढत होती. या घराच्या वायरिंगला तिचा हात लागलेला, त्यामुळे वास्तुशांतीच्या दिवशीच दिव्याने डोळे मिचकवावेत हे तिला खपत नव्हतं.

पुण्याचे पुरुषोत्तमराव वर बघत म्हणाले, की एखाद्याची सून इलेक्ट्रिशियन असलेली ते पहिल्यांदाच पाहतायत. बाळासाहेबांना तेवढंच हवं होतं. त्यांनी मांडी बदलली. स्वतःबद्दल सांगताना ते कधी ‘मी’ म्हणत नसत, ‘बाळासाहेब’ म्हणत. मोठ्या माणसाचं नाव तोंडभर घ्यावं, असं त्यांचं मत होतं. त्यांनी सांगितली ती हकीकत अशी.

तीन वर्षांमागे पुकेकोहेच्या बाजूला कांदा वाळवायचा एक कारखाना होता. तिथली माती लाल, इतकी की पांढरा कुत्रा शेतातून धावत गेला की पलीकडे तांबडा होऊन निघे. त्या मातीतला कांदा कारखान्यात यायचा, शेंडा-बूड छाटून, चकत्या होऊन गरम वाऱ्याच्या लांब पट्ट्यावर चढायचा आणि पलीकडून पापडीसारखा वाजत उतरायचा. त्या पट्ट्यावर सुलभा नऊ वर्षं होती. डोक्याला जाळी, पायात गमबूट. काप वाळला की नाही हे बघायला यंत्राला मीटर होतं, पण मीटरवाला माणूससुद्धा आकडा लिहिण्याआधी सुलभाकडे बघायचा. ती मूठभर काप कानाशी धरून चुरडायची आणि मान हलवायची. हो म्हणाली तर हो.

तिचा नवरा रवींद्र, म्हणजे बाळासाहेबांचा मुलगा, जवळच्याच एका कांदा बागायतदाराकडे ट्रॅक्टरवर होता. राहायला शेताच्या कडेचं लाकडी घर. घरात, अंगणात, गाडीच्या सीटला, उशीच्या अभ्र्याला कांद्याचा वास. बाळासाहेब स्वतः तापीकाठचे. त्यांना तो वास आला नाही तर सर्दी झाली असं वाटायचं.

मग जानेवारीच्या मध्यावर, भर हंगामात, कारखाना बंद झाला. मालकाने एकतीस जणांना एकेक पत्र दिलं. पत्रात लिहिलं होतं, की यंत्र जुनं झालं आहे, दुरुस्ती परवडत नाही. गमबूट कारखान्याचे होते, ते धुऊन परत द्यायचे होते. सुलभाने नळाखाली बसून तळव्याच्या खाचांतली माती काडीने काढली, बूट जोडीने ठेवले, सही केली आणि मोज्यांवर गाडीपर्यंत चालत आली. डांबर तापलेलं होतं. चटके बसले, पण पाय उचलून चालायची नाही ती. खिडकीतून मालक बघत होता ना.

यंत्र जुनं झालं ही थाप होती. त्या यंत्राचं पोट सुलभाने आतून पाहिलेलं होतं. दर उन्हाळ्यात इलेक्ट्रिशियन येई तेव्हा बॅटरी धरून त्याच्याशेजारी हीच वाकलेली असायची. कुठली वायर कुठं जाते ते त्याच्याआधी हिला ठाऊक. तो म्हणायचा, सुलभा, तुला नुसतं लायसन नाही, बाकी सगळं आहे. खरी गोष्ट एवढीच होती, की वीस वर्षं ज्या सूप कंपनीला माल जायचा तिने ऑक्टोबरात घेणं थांबवलं होतं. परदेशातून स्वस्त काप येऊ लागले होते. हे मालकाला माहीत, कामगारांना माहीत, कारखान्यातल्या मांजरालाही माहीत. पत्रात तेवढं नव्हतं.

आणि पत्रात नव्हतं हेच नडलं. त्या वर्षी एक योजना निघाली होती: परदेशी मालामुळे ज्यांचं काम गेलं त्यांना नवं काम शिकायचा सगळा खर्च आणि शिकेपर्यंत घर चालेल इतकी मदत. सुलभाने नाव काढलं ते एकदम इलेक्ट्रिशियनच्या कोर्सचं. एक्केचाळिसाव्या वर्षी. रवींद्र म्हणाला, वेडी आहेस. नंतर स्वतःच तिच्यासाठी पेन शोधायला उठला.

कचेरीत टेबलापलीकडे कॅरल नावाची बाई होती. बाई वाईट नव्हती. तिने पाणी दिलं, पत्र दोनदा वाचलं, मग अर्जातल्या सातव्या प्रश्नावर बोट ठेवलं. परदेशी मालामुळेच काम गेलं याचा लेखी पुरावा. तुमचं पत्र म्हणतं यंत्र जुनं. म्हणजे तुम्ही या मदतीत बसत नाही.

सुलभा म्हणाली, “मी त्या पट्ट्याशेजारी नऊ वर्षं उभी होते. तो आजही चालेल.”

कॅरल म्हणाली, “माझा विश्वास आहे. पण रकान्यात विश्वास लिहिता येत नाही.”

मुदत होती फेब्रुवारीच्या शेवटच्या शुक्रवारपर्यंत.

सुलभा घरी आली, कुकर लावला. वरण इतकं घोटलं की त्याचं दूध झालं. बाळासाहेबांनी ते निमूट प्यायलं. तापलेल्या बाईच्या वरणाला नावं ठेवू नयेत एवढं शहाणपण त्यांना लग्नाच्या दुसऱ्या महिन्यात आलं होतं.

दुसऱ्या दिवसापासून ती कांदा उचलायला शेतात गेली. बरोबर मेरे, तिची कारखान्यातली जोडीदारीण. त्याच मुलखातली माओरी बाई, धिप्पाड, हसली की दोन शेतं पलीकडची कुत्री भुंकायची. उपटलेला कांदा ओळीने उन्हात पडलेला असे. कात्रीने वाळकी पात छाटायची, कांदा बादलीत, बादली लाकडी पेटीत. दहा वाजेपर्यंत पाठ बोलायला लागे, बारापर्यंत नुसती ओरडे. दुपारी खाऱ्या वाऱ्याबरोबर लाल धूळ उठे आणि घामावर बसून दोघींच्या गळ्यात पोवळ्याच्या माळा घातल्यासारख्या रेघा ओढी. सुलभाच्या बोटांच्या पेरांना कात्रीचे फोड आले. मेरेने त्यावर चिकटपट्टी गुंडाळली आणि म्हणाली, स्वीट अ‍ॅज, म्हणजे झकास, आता नवरीसारखी दिसतेस.

बाळासाहेबही मागून चालत. पुरुषोत्तमरावांनी इथं मध्येच विचारलं, की व्हिजिटर व्हिसावर शेतात काम चालतं का. बाळासाहेब म्हणाले, काम नव्हे, व्यायाम. व्यायाम करताना माणूस वाकतो, वाकल्यावर हाताला कांदा लागला तर त्याला सरकार काय करणार. अशा व्यायामात त्यांनी एका दिवसात सहा पेट्या भरल्या. कांदेही त्या साली असे झाले होते, की एक पोखरून मेरेने त्यात चहाची किटली ठेवली आणि वर पातीचं झाकण घातलं. दुपारपर्यंत चहा गरम. मेरे त्यांना ‘कोरो’ म्हणायची. तिकडे आजोबांना तसं म्हणतात.

पण पेट्या भरून सातव्या प्रश्नाचं उत्तर मिळत नव्हतं. मेरेने मालकाला दोनदा फोन केला, तो उचलेना. सुलभाने सूप कंपनीला पत्र लिहिलं. उत्तर आलं, की माल कुठून घेतो हे आम्ही बाहेर सांगत नाही. फेब्रुवारीचे पंधरा दिवस गेले.

आणि मग गंमत बघा. कांद्याचं शेत संपलं तसं मजूर पुरवणाऱ्या एजन्सीने दोघींना आठवडाभराच्या कामावर धाडलं, ते नेमकं त्याच सूप कंपनीच्या गोदामात. काम काय, तर वाळल्या कांद्याची पोती फोडून मोठ्या चाळणीत ओतायची. ज्या कापांनी पोटावर पाय दिला ते काप स्वतःच्या हातांनी ओतायचे. पहिल्या दिवशी मुकादमाने सुलभाला शिकवलं, की काप ओले तर नाहीत हे कसं ओळखायचं. मूठभर घे, म्हणे, कानाशी धर, चुरड. हे त्याला कुणी शिकवलं होतं? जुन्या कारखान्याच्या एका बाईने, म्हणाला, नाव आठवत नाही. सुलभाने मान डोलावली आणि पोतं उचललं. मेरेने ओठ असे दाबले की तिच्या डोळ्यांतून पाणी आलं. कांद्याच्या गोदामात ते कुणाच्या ध्यानात येत नाही.

पोती साधी होती. कागदी, आतून प्लॅस्टिकची. बाहेर नुसता नंबर. देशाचं नाव छापलेला पट्टा गोदामात शिरताच काढून टाकत.

बुधवारी बाळासाहेब डबा घेऊन गेले. चौदा किलोमीटर चालत, पायात जॅण्डल, म्हणजे तिकडच्या रबरी चपला. वाटेत तीन गाड्या थांबल्या, लिफ्ट हवी का विचारलं. बाळासाहेबांनी उलट त्यांनाच विचारलं, तुम्हाला कुठं घाई आहे का. गोदामाच्या दारात पोचले आणि जागच्या जागी थबकले. नाकाने ओळख दिली. म्हणाले, “सुलभा, हा कांदा आपल्याकडचा आहे. तापीच्या अलीकडच्या तीराचा. पलीकडच्याला थोडा गूळवास असतो.”

सुलभा म्हणाली, नाकाचा पुरावा कचेरीत घेत नाहीत.

तेव्हा बाळासाहेबांनी तिने नुकत्याच फोडलेल्या पोत्यात कोपरापर्यंत हात घातला. काप सळसळले. तळाशी बोटांना काहीतरी टणक लागलं. बाहेर काढून बघतात तो अख्खी सुपारी. तिला हळद लागलेली, कुंकवाचं बोट उमटलेलं, आणि मागोमाग मुठीतून पिवळ्या अक्षता गळल्या.

हे कुणी केलं असेल ते सासऱ्याला आणि सुनेला एकदमच कळलं, म्हणजे कुणी ते नाही, कशासाठी ते. आपल्याकडे नव्या मालाचं पहिलं पोतं रिकामं शिवत नाहीत. नवी गिरणी, नवं दुकान, नवा ट्रक. पहिल्या घासाला सुपारी ठेवायची, अक्षता टाकायच्या, मग तोंड बांधायचं. माल अडत बाजारात चालला असता तर काही बिघडलं नसतं, अडत्याने सुपारी काढून खिशात टाकली असती. इथं पोतं समुद्र ओलांडून आलं होतं, अशा देशात की जिथं विमानतळावर उतरणाऱ्याच्या बुटाला चिकटलेलं बीसुद्धा चिमट्याने काढतात.

मुकादमाने सुपारी पाहिली आणि त्याचा चेहरा चुन्यासारखा झाला. चाळणी थांबली. दारं लागली. तासाभरात जैवसुरक्षेची दोन माणसं आली, पांढरे झगे, हातमोजे, आणि बरोबर हुंगणारा कुत्रा. कुत्रा मोठा कर्तबगार, पण कांद्याच्या त्या ढिगापुढे बसला आणि अकरा वेळा शिंकला. बाळासाहेबांनी मोजल्या. शेवटी त्याने डोळे मिटून पंजा नाकावर ठेवला, आणि माणसांनाच काम करावं लागलं. त्यांनी सुपारी चिमट्याने उचलून पिशवीत घातली. अक्षता एकेक उचलल्या. एकाने विचारलं, हे बी आहे का? बाळासाहेब म्हणाले, गणपती आहे. माणूस पेन थांबवून बघत राहिला. मग मेरे पुढे झाली आणि त्याला समजावलं, की हे काराकियासारखं आहे, प्रार्थना, शब्दांऐवजी फळाने केलेली. त्याने मान हलवली, आणि लिहिलं ‘फळ, एक’.

तो लिहीत होता आणि सुलभा त्याच्या खांद्यावरून वाचत होती. कागदावर नीट उतरत होतं: काय सापडलं, कुठं सापडलं, कशात. वाळवलेला कांदा, भारतातून आयात. गोदामाच्या मॅनेजरला कंटेनरचे कागद दाखवणं भाग पडलं होतं, ते यांना नाही म्हणता येत नाही. कंटेनर बंदरात उतरला नोव्हेंबरच्या अकरा तारखेला. घेणारी कंपनी ही. वर सरकारी शिक्का.

तिने विचारलं, सापडलेल्या वस्तूच्या नोंदीची एक प्रत आम्हाला मिळेल का, पोतं मी फोडलं होतं. तो म्हणाला, नियमच आहे, ज्याला सापडलं त्याला प्रत द्यायचीच.

त्या संध्याकाळी बाळासाहेबांनी गावाकडे पुतण्याला फोन लावला. मकरंदने दोन वर्षांमागे चार जणांच्या भागीत कांदा वाळवायचं युनिट टाकलं होतं. हो, म्हणाला, पहिला कंटेनर आपलाच. घटस्थापनेला भरला, न्यूझीलंडला धाडला. पोत्यात सुपारी घातली होती. घरातल्या एका वडीलधाऱ्या माणसाच्या हाताने, रीतसर. का, लाभली ना?

बाळासाहेब म्हणाले, लाभली, आणि फोन ठेवला. वडीलधारा माणूस कोण हे विचारायची त्यांना गरज वाटली नाही. गावात वडीलधारे पुष्कळ असतात.

रवींद्रने ऐकलं तेव्हा तो ओट्याला टेकून खालीच बसला. म्हणजे माझ्या चुलतभावाने माझ्या बायकोचं काम घालवलं? सुलभा आधी हसली नाही. तिने हातावरचे फोड बघितले, मग कागद बघितला, मग असं हसू फुटलं की पोळी तव्यावर काळी झाली. म्हणाली, घालवलं ना, मग पुरावाही घरचाच. मकरंदभावजींवर ती रागावली नाही असं नाही. चार दिवस तिने त्यांच्या रोजच्या ‘शुभ प्रभात’ मेसेजला उत्तर दिलं नाही. पण तिकडेही कुणाच्या तरी हाताला काम मिळालं होतं, आणि ते हात आपल्याच गल्लीतले होते. यावर राग धरायचा तर धरायचा कुठून.

शुक्रवारी सकाळी कचेरीपुढे एकतीसच्या एकतीस जण हजर. मेरेने सगळ्यांना बोलावलं होतं. कॅरलने कागद घेतला. ‘फळ, एक’ वाचलं, भुवया वर गेल्या. ‘पिवळे तांदूळ, अंदाजे चाळीस’ वाचलं, चष्मा काढून पुसला. मग तारखेवर आली. नोव्हेंबरात परदेशी माल उतरला, जानेवारीत तुमचा कारखाना बंद. तेच गिऱ्हाईक. तिने जुन्या कारखान्याची शेवटची पावती मागितली. मेरेच्या नवऱ्याकडे होती, तो तिथं ट्रकवर होता: ऑक्टोबरचा शेवटचा आठवडा.

कॅरलने सातव्या प्रश्नासमोर खूण केली. दुसरी केली, तिसरी केली, एकतीस केल्या. शेवटच्या खुणेनंतर तिने सुलभाला विचारलं, की हे फळ मुद्दाम कुणी ठेवतं का.

सुलभा म्हणाली, “मुद्दामच ठेवतात. काम चांगलं व्हावं म्हणून.”

कॅरल म्हणाली, “झालं की.”

बाहेर पार्किंगमध्ये मेरेने गाणं सुरू केलं, ट्रकवाल्यांनी हॉर्न दिले, आणि बाळासाहेब बहात्तराव्या वर्षी एका इलेक्ट्रिक खांबाभोवती फुगडी खेळले. तो खांब तेव्हापासून किंचित कलला आहे. पुकेकोहेला गेलात तर बघा. सुलभाने त्याच आठवड्यात कोर्सला नाव घातलं. वर्गात सगळी विशीतली पोरं. पहिल्या दिवशी मास्तरांनी एक बिघडलेला हीटर पुढे ठेवला आणि विचारलं, कुणाला काही सांगता येईल का. सुलभाने तो कानाशी नेऊन हलवला.

“आणि या सगळ्याच्या मुळाशी,” बाळासाहेब म्हणाले आणि विड्याच्या ताटाकडे हात केला, “पोत्यात घातलेला एक हात. बाळासाहेब त्या बुधवारी डबा घेऊन गेले नसते, तर आज देवयानीच्या घरात अंधार असता.”

पुरुषोत्तमरावांनी दाद दिली. देवयानीने बाळासाहेबांपुढे आणखी एक विडा सरकवला. वरती नवा दिवा लागला, एकदाच, न मिचकता. सुलभाने स्क्रूड्रायव्हर कमरेच्या पट्ट्यात खोचला, पण ती शिडीवरून उतरली नाही. तिथूनच खाली बघत, विजेचं बिल वाचून दाखवावं इतक्या शांतपणे म्हणाली,

“अण्णा, त्या फेब्रुवारीत तुम्ही गावाला होता. तुमचं विमान इथं उतरलं एप्रिलात, विमानतळावर घ्यायला मीच आले होते, कोर्स बुडवून. पोत्यात हात गेला तो माझा. तुमचा हात गेला होता त्याच पोत्यात, पण घटस्थापनेला, तिकडे, सुपारी ठेवायला. मकरंदभावजींनी मला तेव्हाच फोनवर सांगितलं, तो वडीलधारा माणूस कोण ते.”